चालती घरे

कंधारचा भुईकोट किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 'घर' या शब्दाचा एक अर्थ सहज उमगतो. सभोवार खंदक, खंदकाच्या आत उंच तट आणि तटाच्या आत बुरूज, वाडे, कोठारे. राष्ट्रकूटांच्या काळी ही नगरी भरभराटीस आली होती. पुढे राजवटी बदलत गेल्या. सुलतान आले, निजाम आला आणि १९४८ साली निजामाचीही सत्ता संपली. पण किल्ला आपल्या जागेवरून तसूभरही हलला नाही. घर म्हणजे जमिनीत पाय रोवून एके ठिकाणी उभी राहिलेली वस्तू, अशीच बहुतेकांची समजूत असते. घराला उंबरठा असतो, परसात तुळस असते आणि पत्र टाकणाऱ्याला सापडेल असा पत्ताही असतो.

परंतु याच मुलखात निराळ्या प्रकारची घरेही नांदत आली आहेत. ती आज एका गावाच्या वेशीबाहेर दिसतात, तर पंधरवड्याने दहा कोसांवरच्या दुसऱ्या गावी. अशी घरे एका वेळी आणि एका ठिकाणी पाहावयाची असतील, तर माळेगावच्या यात्रेस जावे. माळेगाव हे नांदेड-लातूर रस्त्यावरील खंडोबाचे ठाणे. ते आज लोहा तालुक्यात आहे. पूर्वी हा सारा भाग कंधार तालुक्यातच मोडत असे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस तेथे यात्रा भरू लागते. घोडे, गाढवे, उंट, बैल आणि कुत्री यांचा बाजार तेथे भरतो. वैदू येतात, गोसावी येतात, मसणजोगी येतात, बहुरूपी येतात, घिसाडी येतात. माळावर पाले उभी राहतात आणि पाहता पाहता एक गाव वसते. या लोकांना वर्षभर एकमेकांची गाठ पडत नाही. कारण कोण कोणत्या वाटेवर आहे, हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून सोयरिकी जुळविणे, आपसांतील तंटे मिटविणे, जनावरांची खरेदी-विक्री करणे, ही सारी कामे पूर्वीपासून याच यात्रेत होत आली. स्थिर गावातील माणसे जे वर्षभर चावडीवर करतात, ते फिरत्या माणसांना या थोड्या दिवसांत उरकावे लागते.

यांपैकी घिसाड्याचे घर नीट न्याहाळण्याजोगे असते. घिसाडी म्हणजे फिरता लोहार. पूर्वी त्याच्याजवळ बैलगाडी असे. आता काहींनी लहान मोटारगाड्या घेतल्या आहेत. गाडीत भाता, ऐरण, घण, सांडशी आणि कोळशाचे पोते. त्यांच्याच शेजारी तवा, घागर, वाकळा आणि पाळण्यातले मूल. गाव आले की रस्त्याच्या कडेला गाडी सोडावयाची, जमिनीत लहानसा खड्डा करून भट्टी पेटवावयाची आणि कामास लागावयाचे. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि त्याची पत्नी दोन्ही हातांनी घण उचलून त्यावर घाव घालते. घाव अर्ध्या बोटाने चुकला तरी चालत नाही. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ आणि गाडीच्या चाकाची धाव ही सारी या भट्टीतून निघतात. एका गावात लोखंडाचे काम चार-आठ दिवस पुरते. ते संपले की गाडी पुढच्या गावाला लागते. घिसाडी फिरतो तो फिरण्याच्या हौसेने नव्हे. एका लहान गावास वर्षभर पोसता येईल इतके लोहारकाम नसते, आणि त्याला तर वर्षभर जेवावयाचे असते. गिऱ्हाईक त्याच्याकडे येत नाही, म्हणून घरच गिऱ्हाइकाकडे जाते.

राजस्थानातील गाडिया लोहारांची परंपरा याहून कडक होती. १५६८ साली चितोडगड पडला, तेव्हा गड पुन्हा आपला होईपर्यंत घरात राहावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्या पूर्वजांनी केली, असे ते सांगत आले. पिढ्यांमागून पिढ्या त्यांनी गाडीत काढल्या. अखेर ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. गडावर गेलेले पुष्कळजण नंतर पुन्हा गाड्यांतच राहावयास गेले. प्रतिज्ञा सुटली, तरी पोटाचा उद्योग मात्र फिरताच राहिला होता.

तथापि चालत्या घराचा सर्वांत मोठा प्रयोग या देशात केला तो बंजाऱ्यांनी. मराठवाड्यात त्यांना लमाण किंवा लभाण असेही म्हणतात, आणि या नावाचा संबंध 'लवण', म्हणजे मीठ, या शब्दाशी जोडला जातो. समुद्रकाठचे मीठ आतल्या मुलखात न्यावयाचे आणि आतल्या मुलखातील धान्य व कापूस बाहेर आणावयाचा, हा त्यांचा उद्योग. त्या काळी घाटांतून गाडीरस्ते फारसे नव्हते आणि पावसाळ्यात तर चाक रुतून बसे. म्हणून बंजाऱ्यांनी चाकांचा नाद सोडला आणि ओझे थेट बैलाच्या पाठीवर लादले. पाठीच्या दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या गोणी, आणि अशा बैलांची रांग. या रांगेबरोबर सारा संसार चाले. बायका, मुले, वृद्ध, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी, कशालाही मागे ठेवण्यासारखी जागा नव्हती. कारण मागे घरच नव्हते. या चालत्या गावाचे नाव तांडा, आणि त्याच्या प्रमुखाचे नाव नाईक.

तांडा केवढा असे? १६३२ साली पीटर मंडी नावाचा एक इंग्रज आग्र्याहून पाटण्यास चालला असता त्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते आणि सहा-सातशे माणसे. त्याच शतकातील ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तर दहा-बारा हजार बैलांचे तांडे हे नेहमीचे दृश्य असल्याचे सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर पालखीतल्या प्रवाशालासुद्धा कडेला थांबून दोन-तीन दिवस वाट पाहावी लागे. एखाद्या सरदाराची स्वारी मिठाच्या गोणींसाठी खोळंबून राहिली आहे, हे चित्र मनाशी आणून पाहावे.

एवढा मोठा तांडा दिवसाकाठी चाले मात्र अवघे सहा-सात मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर. इतका सावकाश का? त्याचे कारण बैलाच्या पोटात आहे. मोटारीला तेल लागते, तसे बैलाला गवत लागते. हजारो बैलांना विकतचा चारा घालावयाचा म्हटले, तर सारा नफा त्यातच जाईल. म्हणून सकाळी उन्हे चढण्यापूर्वी थोडे चालावयाचे, मग गोणी उतरवावयाच्या आणि बैल माळावर चरावयास सोडावयाचे. रस्त्याकडेचे गवत फुकट. त्यामुळे वाहतूक स्वस्त. घाई नव्हती म्हणूनच हा व्यापार परवडत असे. वऱ्हाडातील कापूस अशा रीतीने गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. मुक्कामाच्या जागी गोणी एकावर एक रचून त्यांचाच तट उभारीत. आत माणसे निजत आणि बाहेर कुत्री राखण करीत. पहाटे तोच तट पुन्हा बैलांच्या पाठीवर चढे. पावसाळा आला की वाटा बंद पडत. तेव्हा चांगले गवत पाहून तांडा चार महिने विसावा घेई.

त्या काळात तांड्याला पत्ता नव्हता, पण तो कोणाला लागतही नव्हता. सर्वांनाच तांड्याची गरज होती. सैन्य कोणाचेही असो, त्याला धान्य पुरविणारा बंजाराच. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठे आणि इंग्रज यांची मोठी लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून राहावे लागले होते. तांडा लुटणाऱ्याची दुसऱ्या दिवशी स्वतःचीच उपासमार होणार, म्हणून शहाणे राजे तांड्याच्या वाटेस जात नसत.

तांड्याचे सारेच लोक बेघर होते, असे मात्र समजू नये. काही बंजारे मोठे धनिक होते आणि त्यांनी ठिकठिकाणी घरेही बांधली होती. नांदेडच्या मुलांना ठाऊक असावी अशी एक कथा शीख परंपरेत आहे. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांच्या देहाला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हा लखी शाह बंजारा या व्यापाऱ्याने आपल्या गाड्यांच्या गर्दीतून तो देह उचलून दिल्लीबाहेरील आपल्या घरी आणला. उघड्यावर चिता रचणे शक्य नव्हते; म्हणून त्याने देहासह आपले राहते घरच पेटवून दिले. त्या जागी आज दिल्लीतील रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे. या गुरूंचे पुत्र म्हणजे गुरू गोविंदसिंह. १७०८ साली त्यांचे देहावसान झाले ते नांदेड येथे.

१८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी गेली आणि तांड्याच्या दिवसांना उतार लागला. आगगाडीस गवत लागत नाही आणि पावसाळ्यात ती थांबत नाही. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड लोहमार्ग झाला आणि नांदेडलाही शिट्टी ऐकू येऊ लागली. दहा हजार बैलांचे काम थोड्याशा डब्यांनी होऊ लागल्यावर बैलांच्या पाठी रिकाम्या पडल्या. त्यातच दुसरे संकट आले. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्यानुसार जातींच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविता येऊ लागल्या, आणि फिरत्या जमाती या संशयाला विशेष बळी पडल्या. ज्याला ठावठिकाणा नाही तो चोर असला पाहिजे, असे हे तर्कशास्त्र होते. काल ज्याच्या गोणींसाठी फौजा वाट पाहत होत्या, त्याला आज पोलीस पाटलापुढे हजेरी द्यावी लागली. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो.

व्यापार गेल्यावर तांडे थांबले. कंधार, लोहा, मुखेड या भागांतील डोंगरउतारांवर आज ज्या अनेक वस्त्यांच्या नावापुढे 'तांडा' हा शब्द लागतो, त्या अशा थांबलेल्या घरांच्या आहेत. लोक शेती करू लागले, मुले शिकू लागली. बंजारा समाजातील वसंतराव नाईक हे १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. परंतु तांड्यांना जी जमीन मिळाली, ती पुष्कळदा माळरानाची आणि हलक्या प्रतीची. खरिपाचे एक पीक निघाले की दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. तेव्हा थांबलेली घरे पुन्हा चालू लागतात. या वेळी उसाच्या दिशेने.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगररांगांतून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. त्यांत बंजारे असतात, वंजारी असतात, मराठा आणि दलित समाजांतील माणसेही असतात. दुष्काळ जात पाहत नाही. कोणी बैलगाडीने जातात, कोणी मालमोटारीत सामान आणि माणसे एकत्र भरून जातात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात ते फाल्गुन-चैत्रापर्यंत राहतात. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर चटया, पाचट अथवा ताडपत्री टाकली की घर तयार होते. त्याला कोपी म्हणतात. आत ताठ उभे राहता येत नाही. पाण्याचे पिंप, पिठाचा डबा, चूल, एक पेटी, अंगणात बैल. एका पट्ट्यातला ऊस संपला की कोपी मोडावयाची आणि दुसऱ्या पट्ट्याकडे निघावयाचे.

या कामात माणसे मोजण्याची रीत चमत्कारिक आहे. तेथे एक माणूस मोजीत नाहीत. एक 'कोयता' मोजतात. कोयता म्हणजे नवरा आणि बायको यांची जोडी. एकाने तोडावयाचे आणि दुसऱ्याने मोळ्या बांधून वाहावयाचे. म्हणून या कामावर तरुण जोडपीच अधिक. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्यास एकरकमी पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. पुढे टनामागे ठरलेल्या मजुरीतून ती फेडावयाची असते. फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. जोडीशिवाय उचल पुरी मिळत नाही. त्यामुळे मुलीचे १८ आणि मुलाचे २१ वर्षे वय होण्याची कायद्याने घालून दिलेली मर्यादा ओलांडण्याआधीच काही घरांत लग्नाची घाई होते. कोवळ्या वयात संसार पाठीवर घेण्याची ही रीत मोडावी, म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते झटत आहेत.

कामाला वेळेचे बंधन नाही. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने कमी होते, म्हणून तो लवकर कारखान्यात पोहोचावा लागतो. आणि कारखान्याचे चरक रात्रंदिवस फिरत असल्यामुळे गाडी केव्हाही भरावी लागते. रात्री दोन-तीन वाजता उठून भाकरी थापणाऱ्या आया तेथे नेहमी दिसतात. उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे बैलांना घालतात आणि उरलेले चारा म्हणून विकतात. तांड्याला रस्त्याकडेचे गवत, तसे या चालत्या घराला वाढे.

फिरत्या घरांची ही रीत एका देशापुरती नाही. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. त्यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या वायव्य भागातून निघाले. शतकानुशतके ते देशोदेशी फिरले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यांतील कित्येकांनी घोड्यांच्या सुंदर रंगीत गाड्यांत संसार थाटले. इतक्या दूर जाऊनही त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' असेच म्हणतात. अलीकडे श्रीमंत देशांत एक नवा प्रकार रूढ झाला आहे. शिकलेली तरुण माणसे मोठ्या मोटारीत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि छपरावर सूर्यप्रकाशावर वीज करणारी पत्रे बसवितात आणि वर्षानुवर्षे तीतच राहतात. संगणकावर काम करावयाचे आणि आज समुद्रकाठी, तर उद्या डोंगरात मुक्काम टाकावयाचा. आपल्या देशातही असे हौशी प्रवासी दिसू लागले आहेत. त्यांच्या गाडीत आणि ऊसतोडीच्या गाडीत पुष्कळ साम्य आहे. दोहोंत पाणी मोजून वापरावे लागते, प्रत्येक वस्तूला एकच जागा असते आणि पावसाची सारखीच धास्ती असते. भेद एवढाच की मोटारीतल्या माणसाने कंटाळा आल्यावर परत यावयाचे ठरविले, तर त्याला अडविणारे कोणी नसते. कोयत्याला उचल अडविते.

आणि दुसरा भेद मुलांचा. शाळेच्या हजेरीपटाला स्थिर पत्ता हवा असतो. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे शाळेचे दुसरे सत्र बहुतेक सारे फडावर जाते. आठ-दहा वर्षांची मुलगी तेथे धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. आणि गावच्या शाळेत तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होत राहते. यावर निरनिराळे उपाय झाले. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. शिक्षक कोप्यांपर्यंत जाऊ लागले. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने असे ठरविले की, दाखला जवळ नाही किंवा वर्ष अर्धे संपले आहे, या कारणावरून शाळेने मुलास परत पाठवू नये. शिधा परगावीही मिळावा, यासाठी 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना आली. या उपायांमागील विचार एकच आहे: पत्ता कागदावर न बांधता माणसाबरोबर चालावा.

याउलट विचारही झाला. घर चालू द्यावे, पण मूल जागेवर ठेवावे. त्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. आईबाप ऊसतोडीस गेल्यावर मूल आजीजवळ किंवा नातलगांजवळ राहते, शाळेच्या गावातच त्याला दोन वेळचे जेवण मिळते आणि त्याचा अभ्यास खंडित होत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने स्वतंत्र वसतिगृहांची योजनाही हाती घेतली आहे. जेथे वसतिगृह वेळेवर उघडते, तेथे दिवाळीनंतरही वर्ग भरलेला राहतो. जेथे ते उशिरा उघडते, तेथे मुले तोवर गाडीत बसून गेलेली असतात; कारण मुकादमाची गाडी वसतिगृहाच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडतात आणि गाड्या बालाघाटाकडे वळतात. गाडीतले सामान उतरते, बैल सोडले जातात, घराचे कुलूप निघते. त्या सुमारास गावच्या शाळेत वार्षिक परीक्षेचे दिवस असतात.